कवडेमाळचे अर्धे वाचन

कवडेमाळच्या चर्चच्या दाराबाहेर डाव्या अंगाला एक काळा धोंडा आहे, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेला. पाहुणे त्यावर पिशव्या ठेवतात. मग मंडळीतले सर्वांत वडील, नाथानाएल वाघचौरे, त्या पिशव्या हळूच उचलून भिंतीशी ठेवतात आणि म्हणतात, "ही सगुणाबाईची जागा." पाहुण्यांनी विचारले की ते सांगतात ते असे.

फार मागे, प्लेग यायच्या आधी, इथे याकोब गुरुजी होते. मिशनच्या शाळेत शिकवत आणि रविवारी उपासनेत शास्त्र वाचत. त्यांचा आवाज असा होता, म्हणे, की ते वाचू लागले की बाहेर बांधलेले बैलही कान टवकारत. चार गावांचे लोक ऐकायला येत. गुरुजींना जमीन नव्हती, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. रविवारचा तो पाव तास त्यांचा होता आणि तेवढा त्यांना पुरत होता.

त्यात सगुणाबाई आली. शेजारच्या गावची, विधवा, अक्षरशत्रू. एका नाताळात वाचन झाल्यावर पाळकसाहेबांनी मंडळीला विचारले, "देवाचा शब्द माणूस झाला, म्हणजे काय झाले?" गुरुजी उठले. शब्द म्हणजे देवाचे ज्ञान, जगाच्या आधीपासून देवाजवळ असलेले, त्याच्याच योगे सारे काही घडले, असे त्यांनी क्रमाने, नीट सांगितले. त्यात चूक काहीच नव्हती. लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक घोगरा आवाज आला.

"आमचा धनी मुंबईला गोदीत होता. येणाऱ्याजाणाऱ्यापाशी निरोप धाडायचा, मी हाय, काळजी करू नका म्हणून. निरोप खोटा नव्हता. पण लेकरू काय उगी राहायचं नाही. मग एका सांजेला निरोप आलाच नाही, धनीच दारात उभा. त्यानं तोंड उघडायच्या आधीच आमाला समदं कळालं. देवानंबी तसंच केलं असंल."

पुढे बसलेला एक म्हातारा उपरण्याने डोळे पुसत होता. गुरुजींनी ते पाहिले. त्यांच्या वाचनाने तो म्हातारा कधी रडला नव्हता.

त्या दिवसापासून उपासना सुटली की बायाबापड्या सगुणाबाईभोवती बसू लागल्या. गुरुजी वाचत असत आणि लोकांची नजर तिच्या चेहऱ्याकडे जाई. तिने मान हलवली की त्यांनाही समजल्यासारखे वाटे. घरी एकटे असताना गुरुजींनी तिच्यासारखे बोलून पाहिले. जमले नाही. जेवणावरची वासना उडाली. शेवटी पाळकसाहेब फिरतीवर गेलेले पाहून ते मंडळीच्या पंचांकडे गेले. म्हणाले, "ज्याला शास्त्र वाचता येत नाही त्याने त्याचा अर्थ सांगू नये. तिला अक्षरे येईपर्यंत बाहेर बसू द्या. मी शिकवतो तिला."

पंचांनी ऐकले. सगुणाबाई या धोंड्यावर बसू लागली. शिकवायला गुरुजींना मात्र कधी वेळ झाला नाही. आतले लोक वाचन चालू असताना दाराकडे वळून बघत, तेव्हा गुरुजींनी दारही लावून घ्यायला सांगितले.

पुढच्या कार्तिकात प्लेग आला. सारे गाव उठून माळावर झोपड्यांत राहायला गेले. गुरुजींच्या काखेत गाठ आली, ताप चढला. मंडळी वाईट नव्हती. रोज बांधावर उभी राहून हाक मारी, "गुरुजी, आम्ही प्रार्थना करतोय." झोपडीतले मडके दोन दिवस रिकामे होते. तिसऱ्या दिवशी झोपडीचे झापड सरकवून सगुणाबाई आत आली. तिच्या डोक्यावर घागर होती.

इतक्या तापातही गुरुजींच्या मनात पहिल्यांदा आले ते हेच, की हिनेच का यावे. "दुसरं कोणी नव्हतं का?" त्यांनी विचारले.

"हायेत की. बांधावर उभे हायेत."

"मी तुला बाहेर बसवलं."

"ठावं हाय, गुरुजी. तोंड उघडा, पाणी घ्या."

ती नऊ दिवस राहिली. अंग पुसले, आंबील पाजली. आता ही काहीतरी सुनावणार म्हणून गुरुजी वाट बघत, आणि ती भांडी घासत बसे. हेवा तेव्हाही गेला नव्हता, असे सांगतात. ते डोळे मिटून पडत, पण झोप लागलेली नसे.

गुरुजी वाचले, साथ ओसरली, गाव परतले. नाताळच्या सकाळी ते पुन्हा व्यासपीठावर उभे राहिले. आवाज शाबूत होता. शब्द माणसांत येऊन राहिला हे सांगणारे वाक्य आले, आणि ते थांबले.

"हे मला वाचता येत नाही," ते म्हणाले. "जिचा मी हेवा केला ती बाई बाहेर बसली आहे."

त्यांनी पुस्तक मिटले, खाली उतरले, दार उघडले आणि सगुणाबाईचा हात धरून तिला आत आणले. मग तिच्या कानाशी ते एकेक शब्द हळू सांगत गेले आणि ती तो मोठ्याने म्हणत गेली, तिच्या घोगऱ्या आवाजात. दुसऱ्या दिवशी गुरुजी पाटी घेऊन धोंड्याशी आले. पुढे ती वाचायला शिकली तेव्हा ते पुन्हा थोडे जळले, असेही म्हणतात.

आजही कवडेमाळला नाताळचे वाचन त्या वाक्यापाशी थांबते. वाचक पुस्तक मिटतो. वर्षभर ज्याचा हेवा केला त्याला हाताला धरून आणायचे, असा रिवाज आहे. तो आतच बसला असेल तर त्याच्या जागेपाशी जायचे, नसेल तर घरी. कुणाकडे जाणार ते वाचक सांगत नाही, पण तो कोणत्या वाटेला वळला ते उघड्या दारातून साऱ्यांना दिसते. दोघे येईपर्यंत ते वाक्य कोणी वाचत नाही. एका वर्षी नाथानाएल स्वतः वाचक होते आणि सख्ख्या भावाच्या मळ्याकडे गेले होते. ऊन कलले, लेकरे पेंगली, चुलीवरचे जेवण निवले, पण कोणी उठले नाही.

"शेवटी आलो आम्ही," ते पाहुण्यांना सांगतात. "वाक्य भावानं वाचलं. माझ्यापेक्षा चांगलं वाचतो तो."