बहात्तर पाती आणि एक कांदा

एका राज्यात, जिथले डोंगर पहाटे जागा सोडून फिरायला जात आणि न्याहारीपर्यंत परत येत, गोंदाजी नावाचा म्हातारा शिकलगार राहत होता. पात्यांना धार लावणं हा त्याचा धंदा, आणि धार लावता लावता समोरच्याची फिरकी घेणं हा त्याचा जोडधंदा. एकदा भर दरबारात तो छाती फुगवून म्हणाला, "माझ्या हाताची धार असली, तर एका पात्यावर अख्खं राज्य जेवेल." आणि लागलीच पुढे म्हणाला, "म्हणजे तसं म्हणायची पद्धत. आज सकाळी दाढीला मला तीन वस्तरे लागले, आणि गालाचं काय झालंय ते दिसतंच आहे."

दरबार हसला. पण राजा कनकध्वजानं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. राजेलोकांचे कान तसेच घडवलेले असतात. दुसरं वाक्य ऐकायला त्यांनी माणूस ठेवलेला असतो, आणि तो त्या दिवशी सासुरवाडीला गेला होता.

खांबाआड मांत्रिक लोहमुख उभा होता. त्याची जीभ लोखंडाची होती. शंभर वर्षांत त्याला कशाची चव लागली नव्हती, आणि इतरांना लागते हे त्याला बघवत नव्हतं. तो पुढे आला आणि झग्यातून एक लांब, सरळ, आरशासारखं पातं काढून म्हणाला, "महाराज, याचं नाव सर्वच्छेद. शिकलगार म्हणतो ते पातं हेच. मोबदल्यात मुदपाकखान्यातलं जुनं भंगार द्यावं."

"दिलं," राजा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा गोंदाजीला विनोद सुचला नाही.

ते भंगार म्हणजे बहात्तर पाती. राजवाड्याच्या त्या स्वयंपाकघराची मालकीण होती चिमणाबाई आचारीण, आणि तिच्या राज्यात कोणत्या पात्यानं काय चिरावं याचे कायदे राजाच्या कायद्यांपेक्षा कडक होते. भाजीची विळी वेगळी, मासळीची वेगळी. झिजून पोट आत गेलेली विळी पालेभाजीला, कारण त्या खोलगटात जुडी घसरत नाही. नाकावर खवणी असलेली नारळाला. पुढे वाकलेला जड कोयता फणसाला आणि शहाळ्याला, वीतभर निमुळत्या सुऱ्या सोलायला आणि चिरा द्यायला, नागमोडी चाकाचं कातण करंजीला. अडकित्ता सुपारीला आणि, गरज पडलीच तर, मध्येच डबे उघडणाऱ्या दरबाऱ्यांच्या बोटांना. कुणी मासळीच्या विळीवर कोथिंबीर चिरली, तर तो माणूस त्या दिवशी मिठाशिवाय जेवे. एकदा सेनापती जेवला होता.

दर आठव्या दिवशी चिमणाबाईचा निरोप येई: सुरी बोथट झाली, या. गोंदाजी सहाण पाठीवर टाकून निघे. त्यात एक गंमत होती आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. तिच्या आवडत्या सुरीला धार लावताना मुठीजवळ नखाएवढी जागा तो मुद्दाम बिनधारेची सोडी, म्हणजे आठ दिवसांत पुन्हा बोलावणं यावं. तिला मागेपुढे कुणी नव्हतं, त्यालाही नव्हतं. मागच्या दाराच्या पायरीवर बसून तो धार लावी. काम झालं की ती भाकरी आणि कांदा आणून ठेवी. बहात्तर पाती समोर असताना तो कांदा पायरीवर ठेवून बुक्कीनं फोडी, आणि ती दर वेळी म्हणे, शिकलगाराच्या घरी सुरी नाही वाटतं. अशी चाळीस वर्षं गेली. त्या पायरीवर गोंदाजीच्या बसण्याचा खळगा पडला होता.

पाती गेली आणि सगळं थांबलं. सर्वच्छेदाला बोथट होणं ठाऊक नव्हतं, म्हणून शिकलगाराला बोलावणं नाही. ते सगळं कापी, पण त्यानं कापलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच चव येई, थंड लोखंडाची. वांगं तसंच, कैरी तशीच, करंजीही तशीच. राज्यात कुणी दुसरं पातं उचललं तर त्याचीही तीच गत. वर्ष झालं, आणि चवींच्या मागोमाग आठवणी जाऊ लागल्या. लोक आईच्या हातची आमटी विसरले, मग आईचा आवाज विसरले. प्रधान आपलं गाव विसरला. त्याचं काही फार बिघडलं नाही, कारण गाव त्याला आधीच विसरलं होतं.

भाद्रपदाच्या शेवटी गोंदाजी न बोलावता मागच्या दाराशी गेला. चिमणाबाई चुलीपुढे नुसती उभी होती. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, पदर सारखा केला आणि विचारलं, "आपण कोण? कुणाकडे आलात?"

गोंदाजी खळग्यात बसला. कौलांवर एक साळुंकी होती. त्या राज्यात साळुंक्या बोलत, बहुधा खोटं, पण ही म्हातारी होती आणि खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता. ती म्हणाली, "पाती लोहमुखाच्या गुहेत आहेत. ज्याच्या बढाईनं गेली त्यानंच आणावीत. खंडेनवमीचा सूर्य बुडायच्या आत हिच्या जिभेवर खरी चव आली नाही, तर साऱ्या राज्याची गेलेली आठवण कायमची गेली."

गोंदाजीनं सहाण आणि तेलाची कुपी झोळीत घातली आणि निघाला. वाटेत एक नदी होती, ती उलटी वाहत होती, म्हणून चढ सोपा गेला. एक जंगल होतं, तिथली झाडं वाट विचारणाऱ्याला वाटच विचारत. आठव्या दिवशी तो गुहेशी पोचला. दाराशी धनेश पक्षी बसला होता, आणि त्याची चोच कोयत्यासारखी होती. आत भिंतीभर बहात्तर पाती टांगलेली.

"तीन जिन्नस, तीन निवडी," धनेश म्हणाला. "चुकलास तर तूही भिंतीवर."

"मला कोणत्या खिळ्याला टांगाल?" गोंदाजीनं विचारलं. धनेश हसला नाही. धनेश हसत नाहीत.

पहिला आला फणस, बैलाच्या डोक्याएवढा. आता गंमत अशी, की चाळीस वर्षं पात्यांना धार लावणाऱ्या गोंदाजीनं आयुष्यात एक दुधीसुद्धा चिरला नव्हता. पण पुढे वाकलेला तो जड कोयता त्यानं ओळखला, कारण तो नेहमी तेलकट येई आणि सहाणीवर डाग पाडी, आणि त्यावरून त्याचं आणि चिमणाबाईचं दर उन्हाळ्यात वाजे. तेल का, ते आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं. त्यानं कुपीतलं तेल पात्याला चोपडलं. फणस दोन घावांत उघडला आणि चीक पात्याला चिकटला नाही.

दुसरं आलं वांगं, अंड्याएवढं. "भरायचं आहे. चार फाका कर, देठ सुटता कामा नये," धनेश म्हणाला. मोठी पाती असल्या कामाला राक्षसासारखी. हवी निमुळती सुरी, आणि तशा सुऱ्या होत्या नऊ, जुळ्या बहिणींसारख्या. गोंदाजीनं डोळे मिटले आणि एकेकीच्या मुठीजवळ अंगठा फिरवला. सातवीला ती नखाएवढी जागा लागली. पण तिथे कुणी तरी जाड्याभरड्या दगडावर घासलं होतं. आपली नव्हे अशी ओबडधोबड धार तिथे होती. मांत्रिकाचंच काम, असं म्हणून त्यानं मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि चिरा दिल्या. वांगं फुलासारखं उमललं, देठ जागच्या जागी राहिला.

तिसरा आला कांदा, सोबत भाकरी. धनेश म्हणाला, "याला योग्य ते घे."

गोंदाजीनं भिंतीकडे पाहिलं, पण त्याला दिसली ती एक पायरी आणि तिच्यातला खळगा. त्यानं कांदा दगडावर ठेवला आणि बुक्की मारली. कांदा फुटला आणि त्याचा झणका गुहेच्या पार टोकापर्यंत गेला.

आतून लोहमुख धावत आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते गालांवरून ओघळून जिभेवर पडलं, आणि जिभेचा गंज पापुद्र्यांनी गळू लागला. तो दचकून उभा राहिला.

"हे काय लागतंय मला?"

"मीठ," गोंदाजी म्हणाला. "तुमचंच आहे."

मांत्रिक खाली बसला. भाकरीचा तुकडा आणि कांद्याची पाकळी त्यानं तोंडात घातली आणि शंभर वर्षांचा माणूस हुंदके देऊन जेवला. मग त्यानं स्वतः पाती उतरवली आणि म्हणाला, "ने. मी नुसत्या हेव्यानं नव्हती नेली. मला वाटलं होतं, चव पात्यात असते."

ओझं घेऊन गोंदाजी धनेशाच्या पाठीवर बसला आणि खंडेनवमीच्या दुपारी मुदपाकखान्याच्या मागच्या अंगणात उतरला. त्याच क्षणी वाड्यात सर्वच्छेद वाकलं आणि त्याचं उलथणं झालं. साळुंकीकडून मुदत कळलेला राजा कनकध्वज धावत आला आणि म्हणाला, "लवकर काही तरी चिरा. ऊन उतरतंय." त्यानं स्वतःच विळीला हात घातला.

चिमणाबाईनं राजाच्या हातावर चापट मारली.

तिला राजा आठवत नव्हता, स्वतःचं नाव धड आठवत नव्हतं. पण खंडेनवमीला हत्यारं धुवायची, हळदकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. तिनं बहात्तर पाती पाटावर मांडली, एकेकाला कुंकू लावलं आणि वाटेत धोंड्यासारखी बसून राहिली. कुणाची पुढे यायची छाती झाली नाही. सूर्य डोंगराला टेकला. मेला डोंगरही त्या दिवशी जागचा हलेना.

आजच्या दिवशी चिरायचं नाही, आणि चिरल्याशिवाय चव नाही, असं प्रधान म्हणाला. प्रधानाला असं बोलायचा पगार होता. गोंदाजीनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यानं शिंक्यातली भाकरी काढली, टोपलीतला कांदा घेतला आणि तो पायरीवर आपल्या जुन्या खळग्यात जाऊन बसला. कांदा ठेवला. बुक्की मारली. अर्धा कांदा भाकरीवर ठेवून त्यानं दोन्ही हातांनी चिमणाबाईपुढे धरला.

"मी गोंदाजी," तो म्हणाला. "सुरी बोथट झाली का, ते विचारायला आलोय."

तिनं घास घेतला. चावला. डोळ्यांना पदर लावला. तो झणक्यामुळे की कशामुळे, ते तिला ठाऊक. सूर्य बुडाला तेव्हा ती हळूच म्हणाली, "शिकलगाराच्या घरी सुरी नाही वाटतं."

राज्यभर माणसं उंबऱ्यांवर येऊन उभी राहिली. कुणाला आईची आमटी आठवली, कुणाला आईच. राजानं त्याच संध्याकाळी फर्मान काढलं: बहात्तर पाती आपापल्या कामाला, आणि राजानं उरलेलं वाक्य ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये. सासुरवाडीहून परतलेल्या माणसानं ते फर्मान राजाला दोनदा वाचून दाखवलं.

दसऱ्याच्या दिवशी विळीवर पालेभाजी चिरताना चिमणाबाई ऐकत होती आणि गोंदाजी पायरीवर बसून सांगत होता. नदी, झाडं, धनेश, फणस. नदी प्रत्येक वेळी जास्त रुंद होत होती. शेवटी त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "आणि बाई, नऊ सुऱ्यांतून तुमची कशी ओळखली, ते विचारा. चाळीस वर्षं तुमची एक फसवणूक केली होती मी. मुठीजवळ नखभर जागा बिनधारेची सोडायचो. तुमच्या लक्षात कधी आलं नाही."

चिमणाबाईनं जुडी खाली ठेवली, विळी आडवी केली आणि हात पुसले.

"ती जागा मी दुसऱ्याच दिवशी पाट्याच्या कडेवर घासून घेत होते, गोंदाजी. निरोप मात्र आठव्या दिवशी पाठवत होते."