पाटीवर न लिहिलेला निरोप

कानांनी पुरती रजा घेतली तरी रोगी ज्यांचे दार सोडत नव्हते, असे एक वृद्ध वैद्य होते. नाडी ते बोटांनी ओळखत. रोग्याचे म्हणणे मात्र त्यांचा शिष्य श्रीरंग पाटीवर लिहून दाखवी. दोन वर्षांच्या सेवेनंतर आता गुरू त्याला स्वतंत्रपणे नाडी पाहण्याची अनुज्ञा देणार होते. त्याचे सारे चित्त त्या दिवसाकडे लागले होते.

औषधे खलताना श्लोक ऐकावेत म्हणून त्याला बिनतारी इअरबड घ्यायचे होते. व्यापाऱ्याकडे जाऊन त्याने आवाज कसा, चार्जिंग किती टिकते, रंग कोणते, सगळे विचारून घेतले. हे कळताच गुरूंनी आपली जुनी जोडी काढून दिली आणि आधी ही वापर, मग ठरव, असे सांगितले. फुकट ते पौष्टिक! श्रीरंगाने ती आनंदाने आपल्या फोनला जोडली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी श्लोक मध्येच थांबला. कानात कोणीतरी श्वास घेतला. मग एक बाई अगदी जवळून, थकल्या आवाजात म्हणाली, "जेवलात का? खोटं सांगू नका."

श्रीरंगाच्या हातातला बत्ता निसटला. खोलीत कोणीच नव्हते. तो धावत बाहेर आला, तर दारात गुरू पाटी पुढे करून उभे होते.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारले.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. ठार बहिऱ्या माणसाला हे कळले कसे? त्याने लिहिले, 'काही नाही.' गुरूंचा चेहरा उतरला.

पुढे रोज दुपारी तो आवाज येई, रोज पाटी पुढे येई आणि रोज श्रीरंग तेच दोन शब्द लिही. सहाव्या दिवशी त्याने बड गुरूंच्या पायाशी ठेवले आणि लिहिले, 'या घरात कोणीतरी आहे. मी जातो.'

गुरूंनी त्याला शेजारच्या खोलीत नेले. तिथे एक जुना फोन चार्जिंगला लावलेला होता.

"हा माझ्या पत्नीचा. दवाखान्यात पडल्या पडल्या ती माझ्यासाठी यात बोलून ठेवी. ती गेली आणि तिच्यामागे माझे कान गेले. ऐकायचं राहूनच गेलं. हे बड याच फोनचे. रोज दुपारी मी हा सुरू केला, की ते तुझे श्लोक सोडून तिचं ऐकवतात. तू व्यापाऱ्याला सगळं विचारलंस, पण कानात घालायची वस्तू आधी कोणाशी जोडलेली आहे, हे मला विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर मला बरं वाटेल तेवढंच लिहिलं असतंस. तू भ्यालास, त्याचं काही नाही. पण उद्या रोग्याने भिववणारं काही सांगितलं, तर तेही पाटीवर 'काही नाही' होईल का?"

श्रीरंगाला फार लाज वाटली. त्याने खाली मान घालून बड पुन्हा कानात घातले. गुरूंनी फोनवर बोट ठेवले.

"फार उशीर करू नका," ती म्हणाली. "मला इथे एकटीला करमत नाही."

त्याचा हात थबकला. एखादा शब्द सौम्य करावा, असे फार वाटले. तरी त्याने जसेच्या तसे लिहिले.

गुरूंनी ते दोनदा वाचले. मग शिष्याकडे नव्हे, फोनकडे पाहून ते हलकेच म्हणाले, "येतो."