हौसाचं वावर किती खोल?

"ज्याला आपलं शेत किती खोल आहे हे सांगता येणार नाही, त्याचं शेत सरकारजमा होss!"

दवंडी पिटली गेली आणि सोनखडी संस्थानातल्या जमीनदारांच्या तोंडचं पाणी पळालं. लांबी माहीत, रुंदी माहीत, बांधावरच्या बोरीला यंदा किती बोरं लागली तेही तोंडपाठ. पण खोली? शेताची खोली आजवर कुणाच्या बापाने मोजली होती!

हा सगळा घोळ तेलाने घातला होता. ओढ्यापलीकडे, शेजारच्या संस्थानात, यंत्रवाल्यांनी लोखंडी मनोरा उभारून जमिनीला खोल भोक पाडायला घेतलं होतं. खाली रॉकेलसारखं तेल आहे म्हणे! तेव्हापासून अलीकडच्या जमीनदारांना दुसरा उद्योग उरला नव्हता. सकाळी भाकरी बांधून मनोऱ्यापाशी जायचं, वर आलेला चिखल हुंगायचा, शेजाऱ्याला हुंगवायचा आणि संध्याकाळी माना डोलावत घरी यायचं. एकाने अंगणातली तुळस हलवून तिथे खड्डा खणला. दुसऱ्याने आपल्या विहिरीच्या पाण्यात वात भिजवली आणि ती पेटेना म्हणून बायकोलाच चार शब्द सुनावले!

अशात यंत्रवाले ओढा ओलांडून आले आणि त्यांनी तेलाची खूण म्हणून लाल निशाण रोवलं ते नेमकं भिवा गाडेकराच्या मिरचीच्या वावरात. भिवाची सगळी जमीन म्हणजे ते अडीच बिघे. गावाने त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. ही बातमी राजे बहिर्जीरावांच्या कानावर गेली आणि दुसऱ्याच दिवशी दवंडी आली. ती ऐकून भिवाला जी उचकी लागली, ती काही केल्या थांबेना.

"मला, उक्, काय सांगता येणार?" तो रडकुंडीला आला. "गेलं वावर, उक्!"

"बाबा, तू पानी पी आन गप पड," त्याची लेक हौसा म्हणाली. "तुझ्या वतीनं मी जाते."

म्हणाली खरी, पण रस्ताभर ती दवंडीचे शब्द पुन्हा पुन्हा घोळवत होती. ते वावर गेलं तर बापलेकीला पोट भरायला दुसरं काही नव्हतं. आणि उत्तर तर सुचतच नव्हतं.

दरबार खचाखच भरला होता. दाजीबा पाटील मिशीला पीळ देत पुढे झाले.

"सरकार, माझं शेत वीस हात खोल!"

"वा, पाटील!" राजे खूश झाले. "कारकून, लिहून घ्या. एकविसाव्या हातापासून खालचं सगळं आमचं. तेल काही वीस हातांवर येऊन बसत नाही!"

हे पाहून केदारराव इनामदार शहाणे झाले. "सरकार, माझं शेत थेट पाताळापर्यंत!" ते गरजले.

"अस्सं? मग पाताळातून एखादी खूण आणा. एखादा नाग, निदान त्याची कात! नाही आणलीत, तर खोटं बोलल्याबद्दल वरची जमीनही जाईल."

इनामदार मटकन खाली बसले. तिसऱ्याने भीत भीत "माहीत नाही" म्हटलं, तर राजे कडाडले, "मालकालाच माहीत नाही, तर मालक कसला? सरकारजमा!"

राजांना आपल्याच हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी मांडीवर थाप मारली. "थोडं सांगा, बुडाल! जास्त सांगा, बुडाल! अहो, तुमच्या कागदांवर लिहिलंय काय? पूर्वेला काय, पश्चिमेला काय, उत्तरेला काय, दक्षिणेला काय. संपलं! खोली लिहिलीच नाही, आणि जे लिहिलं नाही ते तुमचं नाही!"

हे ऐकलं मात्र, हौसाला उत्तर सापडलं. तिला हसूच फुटलं.

"कोण हसतंय?"

"मी, सरकार. भिवा गाडेकराची हौसा. त्या लाल निशाणाच्या वावरातली."

राजांचे डोळे चमकले. याच वावरासाठी तर सगळा खटाटोप होता! "बोल पोरी, किती खोल तुझं वावर?"

"सांगते की! पर आदी सरकारांनी येक कागद वाचाया लावावा."

"कुठला कागद?"

"तुमच्या राज्याचा!"

राजे कौतुकाने हसले. पूर्वजांना मिळालेली सनद दाखवायला त्यांना नेहमीच आवडायचं. कारकुनाने लाल फडकं सोडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "पूर्वेस घाट, पश्चिमेस नदी, उत्तरेस देवराई, दक्षिणेस ओढा." मग तो थांबला.

"फुडं?" हौसाने विचारलं.

"पुढे शिक्का आहे."

"आन खोली?"

कारकुनाने कागद उलटून पाहिला, सुलटून पाहिला. "खोली... नाही लिहिलेली."

"मंग सरकार, माजं उत्तर घ्या!" हौसाने पदर खोचला. "माजं वावर तुमच्या राज्यात हाय. तुमचं राज्य जेवढं खोल, तेवढंच माजं वावर खोल. तुमच्यापरीस येक बोट बी जास्त न्हाई!"

राजे मनातल्या मनात हिशोब करू लागले. राज्य वीस हात खोल म्हणावं, तर शेजारचा राजा एकविसाव्या हातावरून भोक वळवून थेट राजवाड्याखाली यायला मोकळा! पाताळापर्यंत म्हणावं, तर हौसाचं वावरही पाताळापर्यंत पोचलं!

"राज्याची खोली... मला तरी कुठे माहीत..." ते पुटपुटले.

"आसं म्हनू नगा, सरकार!" हौसा घाईघाईने ओरडली. "मालकालाच म्हाईत न्हाई म्हनलं, की तुमच्याच दवंडीपरमानं राज्य जमा व्हईल!"

आधी राजांचं पोट हललं, मग खांदे हलले, आणि ते असे खदखदून हसले की पगडी घसरून डोळ्यांवर आली.

"हरलो, पोरी, हरलो! दवंडी रद्द! ज्याचं शेत, त्याचंच खालचंही!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या ओंजळीत टाकलं आणि ओढ्याकाठची पाच बिघे जमीन तिच्या नावे लावायला सांगितली. "कारकून, हिच्या कागदावर खोलीसुद्धा लिहा! खोली, राज्याइतकी!"

कारकुनाने टाक शाईत बुडवला. "आणि सरकार, राज्याची खोली किती लिहू?"

"मला काय विचारता?" राजे डोळे पुसत म्हणाले. "हौसाला विचारा!"