गोजरा कासारणीची कळशी

फार फार मागची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या सावरखिंडीत तेव्हा बांगड्या भरायला एकच बाई यायची, गोजरा कासारीण. डोक्यावर दुरडी आणि तोंडाचा पट्टा सुरू! पण सुनांचा हात हातात घेऊन त्यांचं ऐकणारी गावात तेवढी एकटीच, म्हणून सगळ्याजणी तिच्यापाशी मन मोकळं करायच्या.

त्या साली म्हाळसाकाकूंच्या सुनेला, तानूला, दिवस गेले. आता बाईला दिवस गेले की डोहाळे लागायचेच. कुणाला चिंचेचे, कुणाला भाजक्या मातीचे. तानूला लागले माहेरच्या आडाच्या पाण्याचे. माहेर घाटाखाली आणि ऐन वैशाख. सासू कडाडली, "घरात रांजण भरलेला असताना परगावचं पाणी? भिकेचे डोहाळे लागलेत हिला!"

तानूनं पुन्हा तोंड उघडलं नाही. पण त्या दिवसापासून अन्न पोटात ठरेना. मग पोटातलं बाळही हलेनासं झालं, आणि तानूनं धसकाच घेतला.

गोजरा चुडा भरायला बसली तर बांगड्या भराभर खाली घसरल्या. शेवटी तिनं परकरी पोरींच्या मापाच्या काढल्या, तर त्याही सैल! "अगं बाई! दोन जिवांची ना तू? काय मागतोय तुझा जीव?" तानूला रडूच फुटलं. तिनं सगळं सांगितलं. गोजरानं दुरडी तिथेच ठेवली, घरातली रिकामी कळशी उचलली आणि घाट उतरून गेली.

असं म्हणतात, भरली कळशी घेऊन चढताना वाटेत एक गाभण हरणी आडवी आली. तहानेनं तिची जीभ बाहेर आलेली. "तूही दोन जिवांचीच की गं," म्हणत गोजरानं तिला पाजलं. पुढे मोळीवाली भेटली, मग गुराखी. सगळ्यांना पाजलं, तरी असं म्हणतात, कळशी काठोकाठच राहिली.

तानू घटाघटा प्यायली. पोटात बाळानं असा पाय मारला, की ती रडता रडता हसली आणि तिनं भाकरी मागितली.

सासू दाराआडून बघत होती. हळूच पुढे आली. "गोजरे, घोटभर मलाही दे. माझंही माहेर घाटाखालचंच. माझ्या वेळी मला कुणी विचारलंच नाही गं."

गोजरानं तिची ओंजळ भरली. असं म्हणतात, तेव्हा कुठे ती कळशी रिकामी झाली.

सावरखिंडीत आजही भांडण कितीही पेटू दे, 'भिकेचे डोहाळे' असं कुणी कुणाला म्हणत नाही. डोहाळजेवणाला पाटावर गोजराची कळशी मांडतात. सुनेला विचारतात, काय हवं? मग सासूकडे वळून विचारतात, "आणि तुमचं काय राहिलं होतं?" ती सांगेल ते तिच्या ताटात वाढल्याशिवाय पंगत बसत नाही.