न वाजवलेलं मडकं

मडकं वाजवून घ्यावं, असं सारं जग सांगतं. आंबेदऱ्यात मात्र कुंभाराचं मडकं कुणी वाजवून घेत नाही. वेशीबाहेर उंबराखाली तडकलेल्या मडक्यांची रास दिसते ना, तीही याच गावची. पाहुणे हसतात, गाव खुळं म्हणतात. खुळं नाही हो, उपकार जाणणारं आहे.

फार मागं, असं सांगतात, गडाच्या वेठीला नाही म्हटलं म्हणून गडकऱ्यानं आंबेदरा पेटवून दिला. दावणीची गुरं सोडायला जी माणसं धावली, ती परतलीच नाहीत. त्यांत सर्जाईचा नवरा होता, एकुलता लेकही होता. उरलेली माणसं डोंगराच्या कपारीत दडली. वर गडकऱ्यानं दवंडी पिटली, यांना चुलीतला विस्तव देईल त्याचंही घर जाळू. पौषाची थंडी, विस्तव पाडायच्या चकमकी घरांबरोबर गेलेल्या. अशात सर्जाईची सून कपारीत बाळंत झाली आणि पोर गारठून निळं पडू लागलं. घरात तेवढाच एक अंकुर उरला होता.

म्हातारी खालच्या कुंभारखिंडीत उतरली. ज्या घरांच्या लग्नांत तिनं अक्षता टाकल्या होत्या, त्यांची दारं तिला पाहून लागली. तिनं कुणाला बोल लावला नाही. जीव कुणाला प्यारा नसतो? गावाच्या टोकाला धोंडाई कुंभारीण आव्यापाशी बसली होती. आत वर्षाची मडकी भाजत होती. धुमसता आवा उघडू नये, गार वारा लागला की मडकी तडकतात, हे कुंभाराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. धोंडाईनं काही विचारलं नाही. तिनं आवा उघडला, तडकलेलंच एक मडकं बाहेर ओढलं, त्यात निखारे भरले आणि वर राख लोटली.

सर्जाई डोंगर चढते न चढते तोच शिपाई धोंडाईच्या दारात आले. ती म्हणे शांतपणे म्हणाली, "चुलीतला दिला न्हाई. आव्यातला दिला. दवंडी नीट ऐकली व्हती म्या." शिपायांचा नाईक आव्यातल्या खापरांकडे बघत राहिला. हिची शिक्षा हिनंच भोगलीय, असं पुटपुटत तो माणसं घेऊन निघून गेला.

पोर जगलं. पुढं गडकऱ्याची सद्दी संपली, गाव पुन्हा वसलं. वेशीतल्या दगडावर त्याचं नाव कोरायचं आणि येता-जाता खेटर मारायचं, असं लोकांनी ठरवलं. पहिलं खेटर मारायचा मान सर्जाईचा. ती नातवाला कडेवर घेऊन आली आणि पाथरवटाला थांबवून म्हणाली, "आपली गेली त्यांची नावं घ्या, रोज घ्या. त्याचं कशाला जपताय? जपायचंच तर माझ्या धोंडाईचं जपा."

आजही पौषाच्या अवसेला आंबेदऱ्यात चुली विझवतात. जळालेल्या माणसांची नावं एकेक करून घेतात, मग कुंभारखिंडीच्या आव्यातून विस्तव आणतात. एरवी घेतलेलं मडकं तडकलेलं निघालं, तर ते उंबराखाली ठेवून हात जोडतात. गडकऱ्याचं नाव विचाराल, तर गावात कुणालाच सांगता येत नाही. आणि बारशाला बाळाच्या कानात त्याच्या नावाआधी एक नाव सांगतात, धोंडाईचं.