सात पत्रावळी

“प्रत्येकाला मागेल तेवढं दिलं, अप्पा. मग आठही एकदम का पडले?”

सुहास तोंडारे मठात शिरला तो हे विचारतच. पायसुद्धा धुतले नव्हते.

मठ सांभाळणारे महालिंगअप्पा कोठीच्या उंबऱ्यावर बसून पत्रावळी मोजत होते. त्यांनी मान वर केली नाही.

अमावास्येचा दिवस. गावाला मठात जेवण असतं. मी चुलीवर होतो. जे ऐकलं तेच लिहितो.

तोंडारे लहानपणी याच मठात शिकला. आता जिल्ह्याच्या एका दवाखान्यात संगणक सांभाळतो. तिथे मोठं यंत्र एकच. त्याच्या पोटात आठ सर्व्हर चालतात, त्यांना चालवायचं काम यंत्राचंच. कामं आठ, लोखंड एक. केसपेपर एकावर, तपासण्यांचे रिपोर्ट दुसऱ्यावर, रक्तपेढी तिसऱ्यावर, असे आठ. यंत्राची मेमरी या आठांना द्यायची. कोणाला किती, ते तोंडारेनं ठरवायचं.

त्यानं ठरवलं होतं. मंगळवारी यंत्र गोठलं. दोन तास रक्तपेढीला कोणती पिशवी कुठे आहे तेच कळेना. एका बाळंतिणीला रक्त मिळायला उशीर झाला. बाई वाचली. पण आता दुसऱ्या दिवशी सकाळी नवी वाटणी मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवायची होती. पुन्हा असं झालं तर बाई वाचेलच असं नाही. हे त्याला कळत होतं.

अप्पांनी विचारलं, “यंत्रात किती आहे?”

“एकशे अठ्ठावीस जीबी.”

“दिलीस किती?”

“एकशे अठ्ठावीस.” तोंडारेची मान ताठ झाली. “एकही पडून ठेवला नाही.”

अप्पांचा हात थांबला.

“एकही नाही?”

“एकही नाही. माझी बेरीज चुकत नाही, अप्पा.”

“...आज वाढप तुझ्याकडे.”

तोंडारे म्हणाला, पाचची बस आहे, कागद लिहायचाय. अप्पांनी पळी त्याच्या हातात दिली आणि पुन्हा पत्रावळी मोजायला लागले.

मग तो वाढायला लागला. भाताचं पातेलं, वरणाची बादली, हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, कढई, सगळ्यावर हुकूम त्याचा. वाढायची त्याला हौस. बसप्पा न्हाव्यानं ओळीला सांगितलं, “इंजिनिअर वाढतोय, करदोडे सैल करा रे.” लोक हसले. तोंडारेला आणखी चेव आला. कोणी पत्रावळीवर हात आडवा धरला तर हा बोटांच्या फटीतून हुग्गी सोडायचा. गूळ मनगटापर्यंत ओघळायचा. अशा तीन पंगती उठल्या. जाताना म्हातारी माणसं त्याच्या पाठीवर थाप मारून गेली.

शर्ट भिजला होता. तोंड उजळलं होतं. कढई त्यानं स्वतः पुसून पालथी घातली आणि अप्पांपुढे येऊन उभा राहिला.

“एकाही पाहुण्याला कमी पडू दिलं नाही, अप्पा. आणि एक पळीसुद्धा शिल्लक नाही.”

अप्पा उठले. हात धुतले. रिकाम्या ओसरीत जाऊन बसले आणि आम्हाला हाक मारली.

आम्ही सहा जण. पहाटेपासून कोणी गहू कांडले, कोणी पाणी भरलं, कोणी लाकडं फोडली. शांतव्वा सत्तरीची आहे, ती भिंतीला धरून बसली. सहा पत्रावळी मांडल्या. सातवी अप्पांनी स्वतःपुढे मांडली.

“वाढ,” अप्पा म्हणाले.

तोंडारे हसला. मग हसू गेलं.

त्यानं पातेल्यात पाहिलं. बादलीत पाहिलं. पालथी कढई उलटून पाहिली. ती त्यानंच पुसली होती.

“अप्पा... मी बसलेली माणसं मोजली. तुम्ही तर घरचे...”

शांतव्वानं रिकाम्या पत्रावळीवर पाणी शिंपडलं, रोज शिंपडते तसं, आणि हात मांडीवर ठेवला.

तोंडारे उभाच होता. हातात पळी तशीच.

“आधी सांगितलं असतं तर...” तो म्हणाला आणि थांबला.

“उद्या किती पंगती?” अप्पांनी मला विचारलं.

मी सांगितलं, तीन. लिंबाळवाडीची माणसं येणार आहेत.

तोंडारेचा हात खिशाकडे गेला. वाटणीचा आठ नावांचा कागद त्यात होता. त्यानं तो बाहेर काढला, पाहिला, पुन्हा पाहिला... आठांना चालवणाऱ्या यंत्राचं नाव त्यात नव्हतं.

मागे चुलीतलं शेवटचं लाकूड विझत आलं होतं. आमच्यातला एकही जण उठला नाही.

अप्पा आपल्या रिकाम्या पत्रावळीकडे बघत म्हणाले,

“उद्या चूल कोण पेटवणार, तोंडारे?”