टेकडीवरचं निशाण आणि जोमाचं वल्हं

"माझ्या दादानं असा गुन्हा तरी काय केला होता?" पोशा भेटेल त्याला विचारायचा. थोरला भाऊ जोमा एवढंच म्हणाला होता, "आमचं बेट आमचं!" त्यासाठी सुभेदारानं त्याला बादशहाच्या गलबतावर वल्हं मारायला जुंपलं. तिथेच त्याचा जीव गेला.

आणि आता खुद्द बादशहा बेटावर आला! टेकडीवर तंबू उभा राहिला, वर निशाण फडकलं. जिथे बादशहाचा मुक्काम तिथेच निशाण, असा दरबारी रिवाज.

पोशा तडक तंबूत घुसला. "सरकार, माझा दादा तुमच्या गलबतावर वल्हं मारत मेला. आता तरी आमचं बेट सोडा!"

बादशहाला गंमत वाटली. "सोडतो की! पौर्णिमेच्या आत हे निशाण टेकडीवरून उतरव. पण बेटावरच्या कुणाचाही हात लागता कामा नये. नाही जमलं, तर भावाचं वल्हं तुझ्या हाती!"

"भाऊजी, जीभ आवरत नाही का हो तुम्हाला?" जोमाची बायको रखमा रडकुंडीला आली.

"रडू नको, वहिनी. बोंबलाच्या होड्या किनाऱ्याला लागल्या का, ते सांग!"

दुसऱ्या दिवशी सगळं बेट टेकडीवर चढलं. बायकांनी तंबूभोवती बांबू रोवले, दोऱ्या ताणल्या आणि जबड्यात जबडा अडकवून ओले बोंबील टांगले. ऊन तापलं. वारा सुटला!

"हटवा हे!" बादशहा नाकाला रुमाल लावून ओरडला.

सुभेदार चाचरला. "सरकार, ही आपलीच खंडणी. सुके बोंबील! वारा काय तो इथेच. खाली नेले तर सडतील, मग वास आणखी..."

"मग मलाच हटवा!"

बादशहा गलबतावर पळाला. रिवाजाप्रमाणे त्याच्याच शिपायांनी निशाण उतरवून मागोमाग नेलं. पोशाची होडी लगेच गलबताला भिडली.

"लबाडा, तू मला हाकललंस!"

"छे हो! बोंबील दरसाल वाळतात. आपणच पहिल्यांदा आलात. खरं सांगा सरकार, ज्या बेटाचा वास सोसवत नाही, ते बेट आपलं कसं?"

बादशहा पोट धरून हसला. "जा, बेट तुमचं! खंडणीही माफ, ते बोंबील नकोतच मला! आणखी काय हवं?"

"दादाचं वल्हं."

टेकडीवर निशाणाच्या रिकाम्या खड्ड्यात पोशानं ते वल्हं रोवलं. वहिनीनं दोरीचं टोक पुढे केलं. त्यानं ते वल्ह्याला करकचून बांधलं आणि बोंबलांची पहिली जोडी टांगली.